पायातलं रक्त वर कोण चढवतं?

आठवीची_आई
सोमवार, रात्री ११.२०

लेकीचा विज्ञानाचा पेपर गुरुवारी आहे. आज जेवणं उरकून तिची उजळणी घ्यायला बसले. हृदयाची आकृती तिने सुरेख काढली होती, लाल-निळं स्केचपेन वापरून. वरच्या कर्णिका, खालच्या जवनिका, झडपा, सगळी नावं पाठ. "धमन्यांतून रक्त शरीरभर जातं आणि शिरांमधून परत येतं" हेही घडाघडा म्हणून दाखवलं. मग पेन खाली ठेवून म्हणते, "आई, ढकलतं हृदय. पण पायापर्यंत पोचल्यावर तिथून वर कोण चढवतं? खाली काय दुसरं हृदय आहे का?"

मी बी.कॉम. "येतं म्हणजे येतं, पुस्तकात दिलंय, झोप आता" असं म्हणून वेळ मारून नेली, पण मलाच झोप येईना. नवऱ्याला उठवून विचारलं, तर "प्रेशरने" एवढं बोलून तो कूस बदलून झोपला. प्रेशरने म्हणजे सोसायटीचा पंप पाणी गच्चीवर चढवतो तसं? मग पंप तर छातीत आहे, तळघरात नाही!

इथे डॉक्टर आहेत, मास्तर आहेत. आठवीतल्या मुलीला आणि तिच्या आईला कळेल असं कुणी सांगेल का? आणि जाता जाता, शिरांतलं रक्त खरंच निळं असतं का?

*

टवाळ_कार्ट

माझ्या पगाराचं असंच आहे. जाताना दिसतो, परत येताना कुणी पाहिला नाही.
(प्रश्न भारी. बसतो इथेच, चहा घेऊन.)

*

खडू_फळा

सोपा प्रश्न आधी घेतो. रक्त निळं नसतं, कधीच नाही. रक्तदान केलं असेल तर पिशवी आठवा, गडद, काळपट लाल. ते शिरेतूनच काढलेलं असतं. ऑक्सिजन कमी झाला की रक्ताचा लाल रंग काळवंडतो, निळा होत नाही. शीर निळी दिसते ती वरच्या कातडीतून प्रकाश ज्या तऱ्हेने आत जातो आणि परततो त्यामुळे.

या गैरसमजाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे बरं का. आमच्या लहानपणी पुस्तकात धमनीला 'रोहिणी' आणि शिरेला 'नीला' म्हणत. नावातच निळा रंग! त्यात आकृतीत निळी शाई. मुलांनी दुसरं काय समजायचं? मी तीस वर्षं शिकवलं आणि दर वर्षी एक तरी पोरगं विचारायचंच, "सर, मग खरचटल्यावर निळं का येत नाही?"

अजून एक खाचखळगा. 'धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध' असं पाठ करू देऊ नका. फुप्फुस धमनीत ऑक्सिजन नसलेलं रक्त असतं आणि फुप्फुस शिरेत ऑक्सिजनवालं. हृदयापासून लांब नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. बास. परीक्षेत इथेच मार्क जातात.

मोठा प्रश्न डॉक्टरांसाठी ठेवतो. मलाही त्यात वैयक्तिक रस आहे, कारण नंतर सांगेन.

*

स्टेथोस्कोपवाली

मुलीला आधी माझ्याकडून शाबासकी. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला मी हाच प्रश्न टाकते आणि निम्मा वर्ग "हृदय ओढून घेतं" म्हणतो.

'चढवणं' हा शब्द जरा बाजूला ठेवू. सोसायटीचा पंप पाणी गच्चीवर नेतो आणि उघड्या टाकीत सोडून देतो. दर वेळी खालून नवं पाणी उचलायचं, म्हणून त्याला उंचीचा मार बसतो. रक्ताची नळी मात्र कुठेच उघडी नाही. गवंडी लेव्हल काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती आठवा. एका हातात एक टोक, दुसऱ्या हातात दुसरं, मधला भाग जमिनीवर लोळतोय. तरी दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला. एका बाजूला घोटभर ओतलं की दुसरी बाजू वर सरकते, तिला कुणी उचलावं लागत नाही. तुमच्या धमन्या म्हणजे उतरणारी बाजू, शिरा म्हणजे चढणारी. उतरणारं रक्तच चढणाऱ्याला तोलून धरतं. हृदयाने जोर लावायचा तो अरुंद वाहिन्यांमधल्या घर्षणापुरता.

आकडे बघा. डाव्या जवनिकेतून निघताना दाब १२० च्या आसपास, म्हणजे बीपीतला वरचा आकडा. केशवाहिन्यांच्या, म्हणजे धमनी आणि शीर जोडणाऱ्या बारीक नळ्यांच्या, तोंडाशी येईतो ३५ उरतो, त्या ओलांडल्यावर १५, आणि उजव्या कर्णिकेत पोचताना जवळजवळ शून्य. परतीच्या वाटेला १५ पासून शून्यापर्यंतचा एवढासा उतार. आडव्या झोपलेल्या माणसाला तो पुरतो.

मग अडतं कुठे? नळी लोखंडाची असती तर कुठेच अडलं नसतं. पण शिरा मऊ, पातळ भिंतींच्या. शरीरातल्या पाच लिटर रक्तापैकी साठ-पासष्ट टक्के कुठल्याही क्षणी शिरांमध्येच असतं, धमन्यांत नाही. आपण उभे राहिलो की खालच्या शिरा फुगतात आणि अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त रक्त खाली उतरून बसतं. न हलता उभ्या असलेल्या माणसाच्या पावलातल्या शिरेत दाब ९० पर्यंत जातो. रक्त हरवलेलं नाही, फक्त रेंगाळलंय. पण हृदयाचा एक नियम आहे: जेवढं आलं तेवढंच पुढे पाठवायचं. आवक घटली की जावक घटते. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला उभी मुलं चक्कर येऊन पडतात ती यानेच. (अशा मुलाला चार जण दंडाला धरून उभं करतात, ते बघून माझा जीव खालीवर होतो. आडवं निजवा, पाय उचलून धरा. रक्त आपोआप डोक्याकडे जातं.)

आता लेकीचं उत्तर. तिला सांग, खाली दुसरं हृदय आहे. त्याचं नाव पोटरी. पोटरीच्या स्नायूंच्या आत खोल शिरा आहेत. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, शीर पिळली जाते, आणि शिरेत ठिकठिकाणी झडपा असल्यामुळे रक्ताला फक्त वरच जाता येतं. स्नायू सैल पडला की खालची झडप नवं रक्त आत घेते. चालायला लागलं की पावलातला तो ९० चा दाब तिशीच्या आसपास उतरतो.

आणि वरून ओढ लावतो तो श्वास. श्वास घेताना छातीतला दाब उतरतो आणि पोटातला वाढतो, की पोटातलं रक्त छातीत सरकतं. दर श्वासाला, दिवसरात्र.

*

मळ्यातला_माणूस

डॉक्टर मॅडम, झडपेचं वाचून आमच्या विहिरीवरचा फुटवॉल आठवला. मोटर बंद केली तरी पाइपातलं पाणी विहिरीत उतरू नये म्हणून सक्शनच्या तोंडाला बसवतात. त्यात काडीकचरा अडकला की रात्रीत पाइप रिकामा. मग सकाळी बादल्या ओतत बसायचं.

एक विचारतो, चुकलं तर सांगा. पाटात पाणी कसं धावतं, पण तेच सरीत शिरलं की मुंगीच्या पावलानं जातं. तेव्हाच ते मुरतं. रक्ताचं पण असंच काय? आणि सगळ्या वाफ्यांना एकदम पाणी कधीच देता येत नाही. दारं धरणारा माणूस लागतो, ह्या वाफ्याचं तोंड बुजव, त्याचं फोड. शरीरात दारं कोण धरतं?

*

स्टेथोस्कोपवाली

मळ्यातले दादा, पुढच्या वर्षी वर्गात हे उदाहरण तुमच्या नावाने सांगणार.

अगदी तसंच आहे. महाधमनीत रक्त सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटर धावतं. केशवाहिनीत सेकंदाला अर्धा मिलिमीटर, तेही जेमतेम. एकेक केशवाहिनी केसाहून बारीक, पण सगळ्यांची तोंडं एकत्र केली तर महाधमनीच्या कैक पट रुंद होतात. प्रवाह पसरला की मंदावतो. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची आणि केशवाहिनी कुठे कुठे पाचचीच. पेशी घडी घालून, एकामागे एक, रांगेने जातात. त्या सेकंद-दोन सेकंदांत ऑक्सिजन उतरवायचा, कार्बन डायऑक्साइड उचलायचा. सगळा खटाटोप या दोन सेकंदांसाठी.

दारं धरतात त्या केशवाहिन्यांच्या अलीकडच्या बारीक धमनिका. त्यांच्या भिंतीत स्नायूचं कडं असतं. जेवल्यावर आतड्याकडची दारं फुटतात, धावताना मांड्यांकडची. मूत्रपिंडांकडे विसाव्याच्या वेळी एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा जातो. मेंदू वजनाने दोन टक्के, पण पाणी घेतो पंधरा टक्के, आणि त्याचं दार सहसा बुजवायचं नाही असा दंडक. सगळी दारं एकदम फुटली तर पाटातली पातळीच बसते. आम्ही त्याला शॉक म्हणतो.

*

जिज्ञासू_काका

चर्चा छान चालली आहे. पण पाश्चात्त्यांनी हे १६२८ साली सांगितलं, आपल्या ऋषींनी हजारो वर्षं आधीच! 'हृदय' हा शब्दच बघा. हृ म्हणजे हरण करणे, द म्हणजे देणे, य म्हणजे जाणे. रक्त घेतं, देतं, फिरवतं. बृहदारण्यक उपनिषदात आहे. शब्दातच सगळं रक्ताभिसरण आलं. मुलांना हे कुणी शिकवत नाही.

*

पोथीनिष्ठ

काका, हा मेसेज मलाही आठवड्याला दोनदा येतो, म्हणून पोथी उघडलीच एकदा. बृहदारण्यकाच्या पाचव्या अध्यायात ती तीन अक्षरं आहेत, हे खरं. पण तिथे म्हटलंय काय? जो हे जाणतो त्याला आपले-परके भेटी आणून देतात, त्याला दान देतात, आणि तो स्वर्गलोकी जातो. विषय ब्रह्माचा. रक्ताचा थेंबही नाही त्यात.

आपल्याकडे सांगण्यासारखं नाही असं मात्र मुळीच नाही. मळ्यातल्या दादांचं उदाहरण सुश्रुतसंहितेत आहे! शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात म्हटलंय की बागेला पाण्याचे पाट भिजवतात आणि शेताला चर भिजवतात, तसं सिरा या शरीराला भिजवतात. वाचून अंगावर काटा येतो. आणि भेलसंहितेत तर हृदयातून रस (अन्नाचं सार) निघतो आणि सिरांवाटे हृदयाकडे परत येतो अशा अर्थाची ओळ आहे. ती मला जास्त मोलाची वाटते. पण ती ओळच राहिली, तिच्यावर पुढे कुणी इमला बांधला नाही. सुश्रुताच्या मते रस यकृत-प्लीहेत येऊन रंगतो आणि त्याचं रक्त होतं. ग्रीकांकडे गेलेन नावाचा वैद्यही रक्त यकृतातच बनवतो. मराठीत 'काळीज' म्हणताना आपण छातीला हात लावतो, आणि खाटकाकडे कलेजी मागितली की तो यकृत देतो. हा घोळ पुराणा आहे.

*

अडगळीतला_कंदील

पोथीनिष्ठ, सुश्रुताचं शेत वाचलं आणि राहवेना. ॲरिस्टॉटलनेही रक्तवाहिन्यांना बागेतल्या पाटांचीच उपमा दिली आहे. म्हणजे इथे आणि तिथे, शहाण्या माणसांना एकच चित्र दिसलं. पण शेताच्या चित्रात एक गोम आहे. पाटाचं पाणी परत येत नाही. मुरतं आणि संपतं. गेलेनचंही म्हणणं हेच: अन्नापासून यकृतात रक्त बनतं, अवयव ते खाऊन टाकतात, पुन्हा नवं बनतं. दीड हजार वर्षं यावर युरोपात फारशी कुणी शंका घेतली नाही.

आठवीतल्या मुलीने विचारला तो परतीचाच प्रश्न विल्यम हार्वे या डॉक्टरला पडला. तो जन्मला १५७८ मध्ये इंग्लंडात, शिकला इटलीत पादुआला. तिथे त्याचे गुरू फाब्रिसियस. शिरांमधल्या झडपा त्यांनी विद्यार्थ्यांना उलगडून दाखवल्या होत्या आणि १६०३ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं. पण त्यांना वाटलं, झडपा आहेत त्या रक्त एकदम हातापायांत उतरून साठू नये म्हणून. छोटे बांध. दार डोळ्यांसमोर होतं, ते कुठल्या बाजूला उघडतं हे मात्र त्यांनी बघितलं नाही! हार्वेने बघितलं: सगळी दारं हृदयाकडे उघडतात. मग शिरांतून रक्त बाहेर जाणारच कसं? म्हातारपणी रॉबर्ट बॉइलने त्याला विचारलं, हे सुचलं कशावरून? तर त्याचं उत्तर हेच, झडपांवरून.

आणि मग त्याने वाण्यासारखा हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला अर्धा औंस रक्त टाकतं असं धरू, अर्ध्या तासात ठोके फक्त हजार. दोन्ही आकडे मुद्दाम कमी धरलेले, म्हणजे कुणी भांडायला नको. तरी अर्ध्या तासात पाचशे औंस, चौदा-पंधरा किलो. एवढं रक्त अख्ख्या अंगात नसतं, आणि अर्ध्या तासात कुणी तेवढं जेवत तर नाहीच. आजचे आकडे घ्या: ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, झाले पाच लिटर. तासाला तीनशे. पाण्याचे वीस लिटरवाले पंधरा जार, तासाला! यकृताने एवढं बनवायचं आणि पायांनी एवढं प्यायचं? मग उरतो एकच मार्ग: जे गेलं तेच परत येतंय.

पुस्तक १६२८ मध्ये फ्रँकफर्टला छापलं, लॅटिनमध्ये, जेमतेम ७२ पानं. लोकांनी वेड्यात काढलं. त्याची प्रॅक्टिस बसली असं त्याच्या ओळखीच्या ऑब्रीने लिहून ठेवलंय. आणि एक सांधा त्याला अखेरपर्यंत दिसला नाही: धमनीतून रक्त शिरेत जातं कुठून? सूक्ष्मदर्शक त्याच्या हाताशी नव्हता. १६५७ मध्ये हार्वे गेला, आणि १६६१ मध्ये इटलीतल्या माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. चार वर्षांनी चुकामूक.

अवांतर: फुप्फुसातला फेरा हार्वेच्याही आधी कैरोच्या इब्न अल्-नफीसने तेराव्या शतकात लिहून ठेवला होता. हृदयाच्या मधल्या पडद्याला गेलेन म्हणतो तशी भोकं नाहीत, रक्त फुप्फुसातूनच डावीकडे येतं, असं स्पष्ट. ते हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागेपर्यंत सगळे विसरले होते. जिज्ञासू काका, आधी कुणी सांगितलं याची यादी आपल्याला वाटते त्यापेक्षा लांब असते.

मुलीसाठी हार्वेचाच प्रयोग. घरात कुणाच्या हातावर शिरा ठळक आहेत? दंडाला रुमाल बांधा, फार आवळू नका. कोपराखालच्या शिरा फुगतील. एखाद्या लांबट शिरेवर मनगटाकडच्या बाजूला एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे शीर पुसत न्या, मधे फुगीर गाठ लागेल ती ओलांडून. ती गाठ म्हणजे झडप. वरचं बोट उचला. शीर रिकामीच राहील, वरचं रक्त खाली येत नाही. आता खालचं बोट उचला, काय होतं ते तिलाच बघू दे.

*

आठवीची_आई

झाला! आत्ताच केला!!

सासूबाईंच्या हातावर. त्यांचे हात बारीक, शिरा दोरखंडासारख्या. आधी म्हणाल्या, "माझ्या हातावर कसले प्रयोग?" मग पदर सावरून बसल्या ऐटीत. दोन वेळा फसलं, आम्ही झडप ओलांडलीच नव्हती. तिसऱ्यांदा वरचं बोट उचललं तर शीर सपाट, जशी काही नाहीच. खालचं उचलल्याबरोबर सर्रकन भरली, पापणी लवायच्या आत. लेक किंचाळलीच. आता सासूबाई शेजारणीला दाखवतायत.

त्यांनीच अजून एक दाखवलं. हात खाली सोडला की मागच्या शिरा टम्म, हळूहळू वर नेला की छातीच्या वर कुठेतरी एकदम नाहीशा. म्हणाल्या, "हे तर मी लहानपणापासून बघतेय, तुम्ही आज पुस्तकात वाचलंत." हे काय आहे?

*

स्टेथोस्कोपवाली

आजींना नमस्कार सांगा. त्यांनी उजव्या कर्णिकेतला दाब मोजला. हात हृदयाच्या वर गेला की शिरेत रक्त फुगवून धरायला दाब उरत नाही, ती मिटते. आम्ही हेच मानेच्या शिरेवर बघतो, माणसाला पंचेचाळीस अंशांवर टेकवून बसवतो आणि शीर कुठवर फुगली आहे ते पट्टीने मोजतो. हृदय थकलं की मागे रक्त तुंबतं आणि ती रेष वर चढते.

*

कवडसा

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण 'श्वास ओढून घेतो' हे वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

माझ्या मुलाच्या हृदयात एकच जवनिका आहे, जन्मापासून. दुसरी वाढलीच नाही. तीन ऑपरेशनं झाली. शेवटच्याला फाँटन म्हणतात, फ्रान्समधल्या ज्या सर्जननी ते पहिल्यांदा केलं त्यांच्या नावावरून. त्यात शरीराकडून येणाऱ्या दोन्ही महाशिरा थेट फुप्फुसाच्या धमनीला जोडतात. मध्ये पंपच नाही. आहे ती एक जवनिका शरीराला रक्त पाठवते, आणि फुप्फुसात रक्त जातं ते आपल्या आपण, त्या उरलेल्या थोड्याशा उतारावर. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा मी हाच प्रश्न विचारला होता, मग ढकलणार कोण? ते म्हणाले, त्याचा श्वास आणि त्याचे पाय.

आता नऊ वर्षांचा आहे. लवकर दमतो, पण सायकल चालवतो. लोक म्हणतात, हृदयाचा पेशंट आणि सायकल कशी चालवू देता? त्यांना काय सांगायचं. रात्री तो झोपला की मी अजून त्याची छाती वरखाली होताना बघत बसते. प्रत्येक श्वासाला थोडं रक्त पुढे सरकलं, असं मनात म्हणते. आज पहिल्यांदा कुणीतरी ते सगळ्यांना समजेल असं लिहिलं.

*

स्टेथोस्कोपवाली

कवडसा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे. अशा मुलांच्या पोटऱ्या-मांड्या जितक्या दणकट, तितका परतीचा प्रवाह चांगला. त्यांच्या सल्ल्याने सायकल चालू द्या.

*

टवाळ_कार्ट

चहा गार झाला. काही बोलत नाही आज.

*

न्यूजर्सीची_जाई

पुढच्या महिन्यात आई-बाबा इकडे येतायत, सोळा तास बसून. पायात गुठळी होते म्हणून घाबरवणारे व्हिडिओ बघून बाबांनी तिकीट रद्द करायचं काढलंय. आणि ते म्हणतात पायातली गुठळी मेंदूत जाते. खरं का?

*

स्टेथोस्कोपवाली

जाई, तिकीट राहू द्या. तासन्‌तास पाय लोंबकळत बसलं की पोटरीचा पंप बंद, रक्त रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं रक्त गोठू शकतं. तासाभराने उठून फेरी मारायची, बसल्या जागी टाचा-चवडे आळीपाळीने उचलायचे, पाणी पीत राहायचं. आधी गुठळी झाली असेल, कॅन्सर असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटायचं. एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, किंवा एकाएकी धाप लागली तर वाट बघायची नाही.

आणि बाबांना नकाशा काढून दाखवा. पायाच्या शिरेतून सुटलेली गुठळी महाशिरेतून उजव्या कर्णिकेत, तिथून उजव्या जवनिकेत, पुढचा मुक्काम फुप्फुस. तिथल्या वाहिन्या बारीक होत जातात, तिथेच ती अडकते. तेही धोक्याचंच, पण मेंदू त्या वाटेवर नाही. एक अपवाद आहे. पोटातल्या बाळाच्या दोन कर्णिकांमध्ये एक खिडकी असते, कारण बाळाची फुप्फुसं बंद असतात आणि रक्त परस्पर डावीकडे न्यायचं असतं. जन्मल्यावर पहिल्या श्वासांबरोबर ती मिटते. चारांतल्या एकाची पुरती चिकटत नाही, फट राहते. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, क्वचित गुठळी तिथून पलीकडे जाऊ शकते.

*

खडू_फळा

मघाशी म्हटलं होतं कारण नंतर सांगेन. तीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलो. खुर्चीवर बसून शिकवणारा मास्तर आळशी, अशी आमची समजूत. आता दोन्ही पायांवर गांडुळासारख्या शिरा. व्हेरिकोज. संध्याकाळी पाय जड, घोट्याशी कातडी काळी पडलेली. सर्जन म्हणाले, झडपा गेल्या. दादांच्या भाषेत माझा फुटवॉल लीक आहे.

मला वाईट याचं वाटतं की झडपांचा धडा मी तीस वेळा शिकवला, त्याच झडपांवर उभा राहून. कंडक्टर, आचारी, पोलीस, न्हावी, सगळ्यांचं हेच. निदान चाळवाचाळव करत उभं राहायचं एवढं कुणी सांगितलं असतं तरी चाललं असतं. आता दाबाचे मोजे घालतो आणि रात्री पायाखाली उशी.

*

मळ्यातला_माणूस

सर, काळजी घ्या. आमच्या आईचा पण पाय सुजायचा. डॉक्टर मॅडम, सुजेतलं पाणी हे रक्तातलंच का? आमच्याकडं कृष्णाकाठी पाणी पाजून पाजून जमिनी चिबड झाल्यात. पाणी भरपूर, निचऱ्याला चर नाही. वर मीठ फुटतं.

*

स्टेथोस्कोपवाली

दादा, हो. केशवाहिन्यांतून थोडं पाणी सतत बाहेर झिरपतं, पेशी त्यातच भिजलेल्या असतात. त्यातलं रोज दोन-तीन लिटर वेगळ्या चरांतून परत येतं. त्या चरांना लसीकावाहिन्या म्हणतात, त्या मानेच्या खाली मोठ्या शिरांमध्ये रिकाम्या होतात. त्यांनाही झडपा. तो चर बुजला की जमीन चिबड. विदर्भात हत्तीपाय दिसतो तो हाच, डासातून आलेले जंतू लसीकावाहिन्यांत घर करतात. आईंची सूज हृदयाची, मूत्रपिंडाची की शिरांची हे मात्र तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

*

आठवीची_आई
गुरुवार, संध्याकाळी ६.०५

पेपर झाला. 'फरक स्पष्ट करा: धमनी व शीर', तीन गुणांना. पुस्तकातले तीन मुद्दे लिहिले आणि चौथा स्वतःचा: 'शिरांमधील रक्त पोटरीच्या स्नायूंमुळे व श्वासामुळे हृदयाकडे येते.' खाली पोटरीची आकृतीही काढली, जागा नव्हती म्हणून समासात. बाईंनी समासात लिहिल्याचा अर्धा गुण कापला तर कापू दे.

घरात आता नवा नियम आहे. सासूबाई मालिका बघताना टाचा वरखाली करत बसतात, आणि नवरा सोफ्यावर दोन तास पडून राहिला की लेक ओरडते, "बाबा, दुसरं हृदय बंद आहे!"

*

मळ्यातला_माणूस
गुरुवार, रात्री ११.५०

पोरीला शाबासकी. आमची ह्या आठवड्यात रात्रीची लाइट, बाराला येणार. उसाला पाणी हाय. बॅटरी घेऊन निघालो दारं धरायला.